चंद्रावर गेलेलं इरलं

माझी बायको सुलभा हिचे एकूण तीन फोटो. पहिला लग्नातला. त्यात ती मान खाली घालून बसलीय, म्हणजे तो तिचा म्हणण्यात अर्थ नाही, कारण मान खाली घातलेली सुलभा मी त्या एका दिवसापलीकडे कधी बघितली नाही. दुसरा आधार कार्डावरचा, त्यात ती कोंबडी चोरताना सापडल्यासारखी दिसते. तिसरा आमच्या नातीनं, मुग्धानं, फोनवर काढलेला. भातलावणीचे दिवस, गुडघाभर चिखल, पाठीवर इरलं, हातात रोपांची मूठ, आणि वाकल्या वाकल्या मान वर करून ती काहीतरी ओरडतेय. काय ओरडतेय ते मला पाठ आहे. "फोटो कसले काढतेस गो, खाली उतर नि चार मुठी लाव!" त्यानंतर महिन्याभरात ती गेली. आता दुसरा पावसाळा लागेल. तिसऱ्या फोटोला मी हार घातलेला नाही. ओरडणाऱ्या बाईला हार घालत नाहीत.

ज्यांनी इरलं बघितलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. बांबूच्या कामट्यांची जाळी, मध्ये सुकी पानं, आकार अर्ध्या शिंपल्यासारखा, डोक्यापासून कमरेखालपर्यंत. वाकून लावणी करताना दोन्ही हात मोकळे आणि पाठ कोरडी. आता सगळ्या बाया प्लास्टिक पांघरतात. सुलभा शेवटपर्यंत इरलंच घ्यायची. का, ते पुढं येईल.

मी कलमं बांधणारा माणूस. शाळा चौथीपर्यंत. कोय रुजवायची, कोवळ्या रोपाला चीर द्यायची, हापूसची काडी बसवायची, वरून पट्टी गुंडाळायची, जन्मभर हेच केलं. मला लिहायचं होतं ते माझ्या तरुणपणातल्या एका शिमग्याबद्दल. पण त्या शिमग्याची आठवण मुग्धाच्या अभ्यासातून निघाली, म्हणून आधी तो अभ्यास सांगावा लागेल. मला जेवढा कळला तेवढाच सांगतो. तो तिनं शिकवला त्यापेक्षा कमीच असणार.

मुग्धा मुंबईला एम. ए. करते. मे महिन्यात आली होती. रत्नागिरीतल्या एका कॉलेजात तिचा निबंध वाचायचा होता, त्याची तालीम माझ्यासमोर चालली होती. पडवीत स्टुलावर तिचा लॅपटॉप, आणि मी खाली बसून फणस सोलतोय, हाताला तेल. तिची पहिली अट ही की मी लॅपटॉपला हात लावायचा नाही.

"आबा, मीम म्हणजे एक चित्र आणि वर दोन ओळी. बघायचं, हसायचं, थोडं बदलायचं, पुढं ढकलायचं."

"आणि ह्याची डिग्री देतात?"

"मी फक्त विज्ञानकथांवरची मीम्स घेतलीत. अंतराळयानं, यंत्रमानव, परग्रहावरची माणसं. ती मी थिअरीतून वाचते."

"मग ठीक. नुसत्या चित्रांची दिली असती तर बरं नसतं दिसलं."

तिनं एकेक दाखवायला सुरुवात केली. जगातलं सगळं ज्ञान डोक्यात भरलेला यंत्रमानव एसटी स्टँडवर उभा आहे, राजापूर गाडी कधी लागेल एवढंच त्याला कुणीतरी विचारलंय, आणि त्याच्या कानांतून धूर येतोय. मी हसलो. दुसऱ्यात एका माणसानं मंगळावर प्लॉट घेतलाय, बघायला गेला तर आमचाच सडा. तोच लाल कातळ, तीच वाळकी गवताची काडी, आणि हद्दीवरून भांडायला चुलत भाऊ आधीच हजर. मी इतका हसलो की फणसाचा चीक दाढीला लागला. सुलभा गेल्यापासून असा हसलो नव्हतो. मग मुग्धानं थिअरी काढली.

"बघा आबा, सिनेमातला भविष्यकाळ असतो कुणाचा? यान उतरतं ते मोठ्या शहरातच. सड्यावर का नाही उतरत? भविष्याची गोष्ट सांगताना आपल्याला कुणी त्यात धरतच नाही. मग लोक मीम करतात. विनोद करून त्या भविष्यात स्वतःची जागा धरतात."

"म्हणजे एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकतात."

ती थांबली. "काय म्हणालात?"

"गाडी भरलेली. दारातून आत घेत नाहीत. मग खिडकीतून सीटवर रुमाल टाकायचा आणि म्हणायचं, ही जागा माझी. तसंच की."

तिनं ते लिहून घेतलं. मला वाटलं थट्टा करतेय, पण पुढं ते निबंधात आलं, खाली माझ्या नावासकट. पुढं म्हणाली, मीमची गंमत अशी की ते कुणी पहिलं केलं ते सापडत नाही, सगळ्या प्रतीच असतात, मूळ काही नाही, आणि ह्यावर मोठमोठ्या विद्वानांनी जाड पुस्तकं लिहिलीत. मी म्हटलं, गो बाय, मी बांधलेला प्रत्येक हापूस म्हणजे दुसऱ्या हापूसची काडी, तो तिसऱ्याची. पहिलं झाड कुणी दाखवलंय? आंबा गोड लागायचा थांबलाय का? हे ऐकून ती मला फणसासकट मिठी मारायला आली होती. इथपर्यंत सगळं बरं चाललं होतं.

पुढचं चित्र सुलभाचं होतं. तिसरा फोटो. चिखल, इरलं, उघडं तोंड. वर लिहिलेलं, 'परग्रहवासी कोकणात उतरले.' खाली, 'आल्या आल्या लावणीला जुंपले.'

फणस तसाच राहिला. "हे कुणी केलं?"

"मीच. आजी होती तेव्हा. तिला दाखवायचं होतं, राहिलं. पाच मैत्रिणींना पाठवलं होतं फक्त, तिथून..."

"काढ."

"आबा, ते काढता येत नाही. हजारो फोनांत गेलंय."

"मग हजारो फोनांतून काढ. माझ्या बायकोला कोण कुठले लोक बसून हसतायत. त्यांना तिचं नाव ठाऊक नाही, गाव ठाऊक नाही. फणसाचे गरे डब्यात भर."

मी परसात निघून गेलो. पुढचे तीन दिवस आम्ही दोघं फक्त जेवणाबद्दल बोललो. कुळथाचं पिठलं वाढू का, वाढ. भाकरी, नको. तिन्ही दिवस मी एकच विचार करत होतो. सुलभाचा एवढा एकच खरा फोटो, आणि तो आता माझा राहिला नाही. जगानं नेला आणि त्याचं सोंग केलं. सोंग हा शब्द मनात आला आणि मी परसातच दगडावर बसलो. कारण सोंग म्हटल्यावर मला बोलायला तोंड नव्हतं. सुलभाची वस्तू पहिल्यांदा उचलून तिचं सोंग करणारा मीच.

तेव्हा मी मिसरूड फुटायच्या बेतात होतो. घरात आई, मी आणि बाबूकाका. वडील मुंबईला गिरणीत, शिमग्याला आणि गणपतीला घरी. बाबूकाकानं मला कलमं शिकवली आणि शिव्याही. सकाळी जातं थांबलं की चूल पेटायची, नाचणीची भाकरी थापल्याचा आवाज यायचा, आणि त्या आवाजावर मी उठायचो. सणाला घावणे आणि नारळाचं गोड दूध. आई पहिला घावणा नेहमी बिघडवायची आणि तो नेहमी माझा. अजून मला चांगला आलेला घावणा परक्या घरचा वाटतो.

त्या पावसाळ्यात माणसं चंद्रावर उतरली. वाडीत रेडिओ एकच, तोही मानकऱ्यांच्या पडवीत. मानकरी म्हणजे गावच्या पालखीचा मान ज्यांच्याकडे ते. बातमी ऐकून सगळे वर बघायला बाहेर आले, पण ढग होते, म्हणून परत आत गेले. चंद्रावरचा माणूस दिसतो कसा ते मला कळलं खूप महिन्यांनी, ते सुद्धा बाजारातून सुके बोंबील बांधून आले त्या कागदावर. फुगलेला अंगरखा, पाठीवर केवढं तरी गाठोडं, डोक्याला गोल काचेचं. कागद मी उशाखाली ठेवला. आजही चंद्राचं नाव निघालं की मला बोंबलाचा वास येतो. मुग्धा म्हणते, आबा, तुम्हाला आलेलं ते पहिलं फॉरवर्ड.

शिमग्याला आमच्याकडे पालखी घरोघरी फिरते, पुढं ढोल, मागं खेळे आणि सोंगं. सोंगं ठरलेली, दरवर्षी तीच. मी ठरवलं, यंदा चंद्रवाला. अंगाला वडिलांचा जुना गिरणीतला डगला, आत पेंढा. डोक्याला टोपली, पुढं गणपतीच्या मखरातला जिलेटीनचा कागद. पायात काकाचे गमबूट. सगळ्याला चांदी हवी, म्हणून मुंबईहून आलेल्या चाकरमान्यांच्या मागं मागं हिंडून सिगरेटच्या पाकिटांतला चंदेरी कागद जमवला. पाठीवरचं गाठोडं तेवढं राहिलं. खालच्या वाडीत एका घराच्या पडवीत इरलं टांगलेलं दिसलं. मार्चमध्ये इरल्याला कोण विचारतं? मला वाटलं जुनं, टाकलेलं असेल. उचललं, घरी आणलं, पिठाची खळ लावून सगळं चंदेरी करून टाकलं. इरलं नवंकोरं होतं. त्या घरातल्या मुलीनं पहिल्यांदाच स्वतःच्या हातानं बांधलेलं, येत्या लावणीसाठी. नव्या आणि जुन्या इरल्यात फरक न कळणं ही आमच्याकडे शेतकऱ्याच्या पोराला न शोभणारी चूक.

चंद्रवाला दुपारी पालखीसमोर आला आणि ढोल थांबला. चंद्रावर वजन कमी भरतं एवढं मास्तर म्हणाले होते, म्हणून मी बेडकासारखा उड्या मारत होतो. पोरं किंचाळली, दोन म्हाताऱ्या घरात पळाल्या. मानकऱ्यांनी हात वर केला.

"ह्यो कोण?"

"चंद्रावर जाऊन आलोय," मी टोपलीतून बोललो.

"चंद्र देव हाय. देवावर पाय देऊन आलेला बूट घालून पालखीसमोर नाचणार? न्हाय जमायचं."

झालं, वाद सुरू. एक म्हणाला बूट काढू दे. दुसरा म्हणाला, बूट काढले तर मग चंद्रवाला कसला? चाकरमानी म्हणाले, मुंबईत सगळे मानतात. त्यावर मानकरी म्हणाले, मुंबईत पालखी हाय का? ऊन चढत होतं आणि पेंढ्यात मी शिजत होतो. शेवटी मानकऱ्यांनी तोड काढली. गाऱ्हाणं घालायचं. आमच्याकडे अडचण कसलीही असो, देवापुढं नारळ ठेवून तिचं गाऱ्हाणं घालतात आणि सगळा गाव मागून होकार देतो.

"बा देवा म्हाराजा!"

"होय म्हाराजा!"

"आज ह्यो जो काय आमचा पोर चंद्रावर जाऊन आलाय..."

"होय म्हाराजा!"

"...आणि त्येच्या आधी जे कोण परमुलखातले जाऊन आले, त्येंचा पाय चुकून तिथं पडला असंल तर पोटात घाल. त्येंना सगळ्यांना सुखरूप आपापल्या घरी आण, आणि पुन्यांदा जाताना इचारून जायची बुद्धी दे रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!"

आणि तेवढ्यात मागून एका मुलीचा आवाज आला, फाटक्या ढोलासारखा.

"ए चंद्रावरच्या, माझं इरलं दे!"

ती सुलभा. ती मला बोललेली पहिली गोष्ट ही. पालखी, मानकरी, माझे वडील, गुरव, सगळा गाव हसला. मी पळायला वळलो तर गमबूट तिथंच राहिले आणि मी पुढं गेलो.

निवाडा झाला की पावसाच्या आधी मी तिला नवं इरलं बांधून द्यावं. मला कलम बांधता येत होतं, इरलं नाही. सगळा मे महिना त्यांच्या पडवीत बसून शिकलो, तिची आई समोर सुपारी कातरत बसलेली, नजर माझ्यावर. पहिलं इरलं गाईनं खाल्लं. दुसरं तिच्या आईनं डोक्यावर घेऊन बघितलं ते निघेना, दोघांनी ओढलं तेव्हा निघालं. तिसरं झालं, पण वरच्या टोकाला एक कामटी माझं न ऐकता वर आली, शिंगासारखी.

सुलभा म्हणाली, "हे शिंग कशाला?"

"चंद्रावर अशीच असतात."

तिनं तेच घेऊन पावसाळा काढला. बाया चिडवायच्या, शिंगवाली आली म्हणून. सहा वर्षांनी लग्न झालं. त्यानंतर दर तीन-चार वर्षांनी जुनं कुजायचं आणि मी नवं बांधायचो, आणि प्रत्येक वेळी ते शिंग यायचंच. ती दुसऱ्याच्या हातचं इरलं घ्यायची नाही. प्लास्टिक तर नाहीच.

आणि चंद्रवाला? तो मला सोडून निघून गेला. पुढच्या वर्षी शेजारच्या गावात चंद्रवाला आला. राजापूरकडं एका गावात त्याला शेपूट होतं. आठ वर्षांनी कलमांच्या कामाला मंडणगडकडं गेलो तर तिथल्या शिमग्यात चंद्रवाला आणि त्याची बायको अशी जोडीच, लुगडं नेसलेला बाप्या त्याच्या मागं धावतोय आणि ओरडतोय, "इरलं दे! इरलं दे!" मी शेजारच्या म्हाताऱ्याला विचारलं, हे सोंग कधीचं? तो म्हणाला, "पूर्वापार." घरी येऊन सुलभाला सांगितलं. ती भात निवडत होती. म्हणाली, "एवढा मुलूख माझं इरलं मागतोय, पण मला मिळालं नाही ते नाहीच."

हे सगळं मला परसातल्या दगडावर आठवलं, तरी राग गेला नव्हता. चौथ्या दिवशी मुग्धाबरोबर कॉलेजात गेलो ते तिच्या सरांना सांगून फोटो बंद पाडायचाच, अशा तयारीनं. धुतलेला सदरा घातला होता. खोलीत पंचवीस-तीस माणसं, दोन पंखे, एक फिरणारा. मुग्धा छान वाचत होती. यंत्रमानवाला हसले, सड्याला हसले, रुमालाला टाळ्या पडल्या. मग पडद्यावर सुलभा आली, भिंतीएवढी, आणि सगळे हसले. मुग्धानं माझ्याकडं बघितलं आणि वाचायची थांबली. ती थांबलेली बघून तिचे सर उठले. माणूस वाईट नव्हता, मुलीला सांभाळून घ्यायला उठला होता. म्हणाला, "इथे एक लक्षात घ्या. ही अनाम श्रमिक स्त्री आहे. भविष्याच्या कथेत ती परकी ठरते. ती बोलते आहे, पण तिला आवाज नाही."

मी उभा राहिलो.

"तिला आवाज नाही म्हणणारा माणूस मी आज पहिल्यांदा बघितला."

सगळे वळले. सर म्हणाले, "आपण?"

"मी तिचा नवरा. अनाम नाही, सुलभा. आणि ती काय बोलतेय तेही सांगतो. फोटो काढू नको, खाली उतर नि चार मुठी लाव. तुम्हाला पण तेच सांगितलं असतं तिनं."

आता मी सांगणार होतो की हे चित्र बंद करा. पण पडद्याकडं हात केला आणि बोलायचं राहिलं. एवढं मोठं करून मी ते कधी बघितलं नव्हतं. तिच्या डोक्यावर ते शिंग, टेबलाएवढं, पुढच्या पोराच्या डोक्यावरूनही दिसणारं. तिचा चेहरा नेहमीचाच होता, माणसाचा. परग्रहाचं त्या चित्रात काही होतं तर एवढंच.

"थांबा," मी म्हटलं. "तुम्ही तिला हसत नाही आहात. तुम्ही माझ्या कामाला हसताय."

मग मला उभ्या उभ्या सगळं सांगावं लागलं, बोंबलाच्या कागदापासून. गाऱ्हाण्याला पाठीमागच्या रांगेतून दोघांनी "होय म्हाराजा" दिलं, म्हणजे आमच्याच भागातले होते. लोक पुन्हा हसले, मघापेक्षा जास्त, पण ह्या वेळी ते मला टोचलं नाही. त्यांना आता तिचं नाव ठाऊक होतं. सरांनी वहीत बरंच लिहून घेतलं. मी खाली बसलो. मुग्धानं पुढचं वाचलं, मला एक अक्षर ऐकू आलं नाही.

परतीच्या एसटीत मी तिला म्हटलं, "आणखी एक करता येईल?"

"काय?"

"आजीला चंद्रावर उभी कर. आहे तशी, चिखलासकट. आणि खाली लिही, ए चंद्रावरच्या, माझं इरलं दे."

तिनं खिडकीकडं तोंड फिरवून ते फोनवर केलं. बराच वेळ तोंड तिकडंच होतं. मग दाखवलं. काळं आभाळ, पांढरी जमीन, मधोमध सुलभा. मी म्हटलं, पाठव. कुणाला, तिनं विचारलं. म्हटलं, सगळ्यांना.

मुग्धा मुंबईला गेली. परवा बाजारात मासळीवाली बांगडे निवडून देताना म्हणाली, "आबा, ह्ये बघा, माझ्या भावानं पाठवलंय, हसून हसून मेले मी." तिच्या फोनवर सुलभा होती, चंद्रावर. फक्त खालची ओळ कुणीतरी बदलली होती. कुणी, ते आता सापडायचं नाही. लिहिलं होतं, 'ए चंद्रावरच्या, येतोस कधी, लावणी खोळंबलीय!'

मी हसलो. ती म्हणाली, "हाय की न्हाय गंमत?" म्हटलं, आहे. तिला बाकी काही सांगितलं नाही. तिच्या हाताला मासळी होती आणि मागं गिऱ्हाईक उभं होतं.

घरी येऊन बांबू उतरवला आणि कामट्या काढायला बसलो. मुग्धा ह्या वर्षी लावणीला येते म्हणालीय, तिच्या चार मुठी राहिल्यात. तिला इरलं लागेल. समोर भिंतीवर तिसरा फोटो, तोंड उघडं. सुलभाला म्हटलं, येतो गो, पण थांब जरा. माझ्या हातानं इरलं व्हायला किती वेळ लागतो ते तुला ठाऊक आहे.